फाईली वाचल्या, पण संगणक कुठं वाचला?

आमची आत्या बडोद्याला दांडिया बाजारात राहते. गायकवाडी काळातली मोडी कागदपत्रं देवनागरीत उतरवून द्यायचं काम ती घरच्या संगणकावर करते. कुणाच्या घरातली सनद, कुणाच्या पणजोबांची पत्रं, कुणाचा जुना हिशेब. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिनं संगणक चालू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. आतली एसएसडी, म्हणजे जिच्यावर सगळं साठवलेलं असतं ती डिस्क, गेली होती. ना खरखर, ना मंदपणा, आदल्या रात्रीपर्यंत सगळं सुरळीत.

आत्या घाबरली नाही, कारण ती रोज रात्री पेन ड्राइव्हवर काम उतरवून ठेवते. दुकानदारानं नवी एसएसडी टाकली, नवं विंडोज घातलं, आणि आत्यानं पेन ड्राइव्ह लावून फाईल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ! तिचं दहा वर्षांचं काम युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी दाखवणाऱ्या फॉन्टात आहे, आणि तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नव्हता. तिच्या सवयीचा कीबोर्डचा आराखडा नव्हता. स्कॅनर इतका जुना, की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, कंपनीनं केव्हाच काढून टाकलेला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले, प्रिंटरची कागदाची मापं गेली. पुन्हा पहिलं पान टाइप व्हायला अकरा दिवस लागले. फाईल मात्र एकही हरवली नव्हती.

त्या अकरा दिवसांत मला जे कळलं, ते इथं नीट मांडतो. फाईलींचा बॅकअप म्हणजे बिऱ्हाडातलं सामान खोक्यांत भरून ठेवणं. घर पडलं तर सामान शाबूत राहतं, पण स्वयंपाकघर पुन्हा मांडावं लागतं. डबे कुठं, गॅस कुठं, पाण्याची जोडणी कुठं, सगळं नव्यानं. बूट होणारा बॅकअप म्हणजे मांडलेलं घर जसंच्या तसं उचलून ठेवणं. विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, ड्रायव्हर, सेटिंग, डेस्कटॉपवरची चित्रांची जागासुद्धा. डिस्क गेली तर नवी घाला, हे घर तिच्यावर उतरवा, आणि त्याच दिवशी कामाला बसा.

सी ड्राइव्ह नुसता कॉपी का चालत नाही

बरेच जण विचारतात, की सी ड्राइव्ह उघडून सगळं निवडलं आणि बाहेरच्या डिस्कवर टाकलं तर झालं ना? नाही होत. का होत नाही ते समजलं, की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोज जागं होत नाही. आधी जागा होतो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आताच्या प्रकाराला यूईएफआय म्हणतात. दुकानात आजही दोन्हींना बायोसच म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. हा प्रोग्राम डिस्कवरचा एक लहानसा विभाग शोधतो, साधारण 100 ते काहीशे एमबीचा. त्याचं नाव ईएफआय पार्टिशन. विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये तो दिसत नाही, मुद्दाम लपवलेला असतो. त्यात विंडोजचा बूट मॅनेजर असतो. बूट मॅनेजर आपल्या नोंदवहीत बघतो, की विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या विभागात आहे, आणि मग विंडोजला हाक मारतो. या साखळीतली एक कडी तुटली, तरी सी ड्राइव्हवरचं सगळं धडधाकट असूनही संगणक दारातच उभा राहतो.

म्हणजे सी ड्राइव्ह कॉपी करताना हा लपलेला विभाग येतच नाही. शिवाय विंडोज चालू असताना त्याच्या कितीतरी फाईली त्यानं स्वतः उघडून धरलेल्या असतात, त्या कॉपी होऊ देत नाही. आणि ज्या होतात, त्यांच्यावर कुणाला काय परवानगी आहे याच्या खुणा वाटेत गळून पडतात. अशा कॉपीतून फोटो परत मिळतील, विंडोज उभं राहणार नाही.

म्हणून वेगळं हत्यार लागतं. ते डिस्क फाईलफाईल करून वाचत नाही, विभागाविभागानं वाचतं, लपलेल्या विभागांसकट. चालू विंडोजमधून हे करायचं असेल, तर अशी सॉफ्टवेअरं विंडोजच्याच ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ नावाच्या सोयीची मदत घेतात. एका क्षणी डिस्क जशी आहे तसा तिचा ठसा धरला जातो. तुम्ही पुढं टाइप करत राहिलात तरी कॉपी त्या क्षणाचीच निघते.

क्लोन की इमेज

दोन शब्द सारखे कानावर पडतील. क्लोन म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क. पहिली काढा, दुसरी लावा, चालू. इमेज म्हणजे अख्खी डिस्क एका मोठ्या फाईलमध्ये, किंवा फाईलींच्या एका फोल्डरमध्ये, दाबून बांधलेली. ती तशीच चालू होत नाही, तिला आधी एखाद्या डिस्कवर उतरवावं लागतं. पण एकाच बाहेरच्या डिस्कवर जानेवारीची, एप्रिलची, जुलैची अशा तीन इमेज सुखानं राहतात.

घरासाठी माझं मत स्पष्टपणे इमेजच्या बाजूनं आहे. क्लोनमध्ये एकच तारीख राहते. आज काही बिघडलं, उद्या तुम्ही क्लोन ताजा केलात, तर बिघाडही क्लोनमध्ये गेला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात काढली, तेव्हा ठिकठिकाणच्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागल्या. नकलनवीस चुकला की ती चूक पुढच्या नकलांत उतरते. जुनी, वेगळी प्रत हाताशी असेल तरच चूक पकडता येते. बॅकअपलाही हेच लागू आहे: फक्त ताजी प्रत ठेवणारा माणूस बिघाडाचीही प्रत ठेवतो. डिस्क बदलायचीच आहे, लहान काढून मोठी घालायची आहे, तर क्लोन करा. तो झाल्यावर मात्र दोन्ही डिस्क एकाच वेळी लावून संगणक चालू करू नका. दोघींची ओळख एकच असल्यानं विंडोज गोंधळतं.

आणखी एक गैरसमज. ‘बूट होणारा बॅकअप’ म्हटलं, की वाटतं बाहेरची डिस्क यूएसबीला लावली आणि विंडोज तिच्यावरूनच चालू झालं. विंडोज तसं सहसा चालत नाही. यूएसबीवरून चालणारं ‘विंडोज टू गो’ होतं, तेही मायक्रोसॉफ्टनं 2020 मध्ये काढून टाकलं. विंडोजवाल्यांसाठी बूट होणारा बॅकअप म्हणजे जोडी आहे: बाहेरच्या डिस्कवरची इमेज, आणि जिच्यावरून संगणक चालू होतो ती बचावाची पेन ड्राइव्ह. जोडीतलं एक नसलं तर दुसरं निरुपयोगी. आत्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडं इमेज होती, पण ती उतरवणारं सॉफ्टवेअर मेलेल्या डिस्कवरच होतं. किल्ली घरात आणि घराला कुलूप.

मॅकवर पूर्वी बाहेरच्या क्लोनवरून संगणक आरामात चालत असे. 2020 च्या बिग सर या मॅकओएस आवृत्तीपासून सिस्टिमचा विभाग ॲपलच्या सहीनं बंद केलेला असतो, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये आतली साठवणच मेली तर बाहेरच्या डिस्कवरूनही मशीन उठत नाही. मॅकवाल्यांनी टाइम मशीन ही मॅकमधलीच बॅकअपची सोय नियमित चालवावी, एवढं पुरे.

आत्याच्या टेबलावर आम्ही काय केलं

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)’ अशी एक जुनी खिडकी अजून आहे. तिच्यातून इमेज निघते, पण मायक्रोसॉफ्टनं तिच्यावर काम करणं कधीच थांबवलंय. मी तिच्यावर विसंबणार नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये मॅक्रियम रिफ्लेक्ट या इमेज काढणाऱ्या प्रोग्रामची मोफत आवृत्ती सुचवलेली दिसेल. ती 2023 संपताना बंद झाली.

आम्ही रेस्क्यूझिला हे पेन ड्राइव्हवरून चालणारं, इमेज काढणारं आणि उतरवणारं सॉफ्टवेअर घेतलं. मोफत आहे, पडद्यावर बटणं आहेत, आणि त्याची इमेज याच कामाच्या जुन्याजाणत्या क्लोनझिलालाही वाचता येते. 8 जीबीची रिकामी पेन ड्राइव्ह घेतली, रेस्क्यूझिलाची आयएसओ फाईल (अख्खं सॉफ्टवेअर एका फाईलीत बांधलेलं) इंटरनेटवरून उतरवली आणि रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं ती पेन ड्राइव्हवर चढवली. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, ती चढवावी लागते. चढवताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा दोनदा बघून घ्या.

मग विंडोज पुरतं बंद केलं. ‘पुरतं’ यासाठी, की विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. शटडाउन केलं तरी ते अर्धवट झोपलेलंच राहतं, म्हणजे उद्या लवकर उठता येतं. अशा अर्धझोपेतल्या डिस्कची इमेज काढायला गेलं, की तक्रार येते. शिफ्ट बटण दाबून धरून शटडाउन केलं की ते खरोखर बंद होतं.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क लावून संगणक चालू केला आणि आत्या एफ12 दाबत राहिली. बूट मेन्यू आला. हे बटण कंपनीगणिक बदलतं: डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9, एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. पेन ड्राइव्ह निवडली, मिनिटभरात रेस्क्यूझिलाचा पडदा आला. ‘बॅकअप’, मग आतली डिस्क, मग तिचे सगळे विभाग, लपलेलेही. इथं ‘हे 100 एमबीचं काय काम’ म्हणून खूण काढू नका. तीच दाराची किल्ली आहे. मग बाहेरची डिस्क, इमेजला तारखेचं नाव, आणि सुरू.

वेळ किती लागतो त्याचा हिशेब सोपा आहे. आत्याच्या डिस्कवर जवळपास 100 जीबी भरलेलं होतं. बाहेरची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला 100 एमबी लिहिते असं धरलं, तर सतराएक मिनिटं. तीच डिस्क चुकून जुन्या यूएसबी 2 च्या खाचेत लावली, तर वेग 30 एमबीवर येतो आणि पाऊण-एक तास जातो. निळ्या रंगाची खाच असेल तर सहसा ती वेगवान. दाबून बांधण्यात थोडा वेळ जातो, पण जागा वाचते. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते फारसे आटत नाहीत.

रेस्क्यूझिलाची एक मर्यादा आहे: ते दर वेळी पूर्ण इमेज काढतं. दर आठवड्याला फक्त बदललेला भाग साठवायचा असेल, तर विंडोजमध्येच चालणारं व्हीम एजंटची मोफत आवृत्ती किंवा हॅस्लिओ बॅकअप स्वीट असं काही वापरा. त्यात पहिली इमेज पूर्ण, पुढच्या फक्त फरकाच्या. पण ही साखळी असते. मधली एक फाईल खराब झाली, तर तिच्यापुढच्या तारखा गेल्या. म्हणून अधूनमधून नवी पूर्ण इमेज काढावीच लागते. आणि त्या सॉफ्टवेअरची स्वतःची बचावाची पेन ड्राइव्ह त्याच दिवशी बनवा. ‘मग बघू’ म्हणून ठेवलेलं मग डिस्क गेल्यावरच आठवतं.

बिटलॉकरची गोष्ट

हा भाग घाईत वाचू नका. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून विंडोजनं लावलेलं कुलूप. नव्या लॅपटॉपवर विंडोज 11 मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केलं, तर तुम्हाला न विचारता डिस्क कुलूपबंद झालेली असू शकते. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आहे का आणि चालू आहे का, ते आत्ताच पाहा. चालू असेल, तर 48 आकड्यांची एक रिकव्हरी की असते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर लिहून घ्या, पुन्हा वाचून ताडा. मदरबोर्ड बदलला, कधीकधी बायोसचं अपडेट झालं, तरी संगणक हे आकडे मागतो, आणि ते नसतील तर आतलं कुणीही काढून देऊ शकत नाही. दुकानदार नाही, मायक्रोसॉफ्टही नाही.

इमेजवरही याचा परिणाम होतो. बाहेरून चालणारं रेस्क्यूझिला कुलूपबंद विभाग उघडू शकत नाही, म्हणून तो आहे तसा, रिकाम्या जागेसकट उचलतं. 512 जीबीच्या डिस्कवर 80 जीबी भरलेलं असलं, तरी इमेज जवळपास 512 जीबीची. चालू विंडोजमधून इमेज काढली, तर कुलूप उघडलेलं असतं आणि इमेज लहान येते. पण मग त्या इमेजमधला मजकूर उघडा असतो, तेव्हा इमेजला पासवर्ड लावा.

उठवून पाहणं

आता या लेखात मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. ज्या बॅकअपवरून संगणक एकदाही उठवून पाहिला नाही, त्याला मी बॅकअप मानत नाही. आत्याच्या नव्या मशीनवर हीच चाचणी घेताना पहिल्या फटक्यात आम्ही नापास झालो. पेन ड्राइव्हवरून पडदा तर आला, पण डिस्कच्या यादीत आतली एसएसडीच नाही! इंटेलच्या काही नव्या मशीनवर साठवण ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागं असते. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर घातलेला असतो, पेन ड्राइव्हवर नसेल तर तिला डिस्क दिसत नाही. आम्ही नव्या आवृत्तीची पेन ड्राइव्ह बनवली, मग दिसली. हे शांत दुपारी कळलं म्हणून चहा पीत सोडवता आलं. डिस्क गेलेल्या दिवशी कळलं असतं तर?

चाचणीत किमान एवढं करा: पेन ड्राइव्हवरून संगणक उठतो का, यादीत आतली आणि बाहेरची दोन्ही डिस्क दिसतात का, आणि सॉफ्टवेअरमधलं ‘व्हेरिफाय’ चालवल्यावर इमेज शाबूत निघते का. खरी परीक्षा म्हणजे जुनी, रिकामी एखादी डिस्क मिळवून तिच्यावर इमेज उतरवणं आणि तिच्यावरून संगणक चालू करणं. आम्ही ती केली. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज उठायला पाच मिनिटं लागली, पण आत्यानं कालची फाईल उघडली आणि मोडीचं लिप्यंतर सरळ देवनागरीत दिसलं. ती काही बोलली नाही. नुसतं पान वरखाली सरकवत बसली.

खरोखर डिस्क गेली तर

आधी काही दाबू नका. ‘फॉरमॅट’, ‘रिसेट’, ‘क्लीन इन्स्टॉल’ यांतलं काहीही नको, दुकानदार घाई करत असला तरी. पहिला प्रश्न हा, की डिस्क मेली आहे की विंडोज अडलं आहे? बायोसमध्ये शिरून पाहा, डिस्कचं नाव दिसतं का. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकलेल्या अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. त्यांच्या डिस्क ठणठणीत होत्या.

डिस्क दिसत असेल, तर बचावाच्या पेन ड्राइव्हवरून उठून आधी तिच्यावरच्या ताज्या फाईली बाहेर काढा. हे विसरलं जातं, आणि नुकसान इथंच होतं. इमेज उतरवली की डिस्कवरचं सगळं पुसून त्या जागी इमेजच्या तारखेचं चित्र येतं. इमेज एप्रिलची असेल, तर मे आणि जूनचं काम तुमच्या हातानं पुसलं जातं.

डिस्क दिसतच नसेल, तर नवी घ्या. ती जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. ‘512’ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्कमध्येही थोडा फरक असतो, त्यामुळं एक पायरी मोठी घेणं सोयीचं. उतरवताना बाकीच्या डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कवर बोट पडणार नाही. मग रोजच्या फाईलींच्या बॅकअपमधून मधल्या दिवसांचं काम परत ठेवा. इमेज आणि रोजचा फाईल-बॅकअप ही दोन वेगळी कामं आहेत. इमेज तीन महिन्यांतून एकदा, किंवा नवं सॉफ्टवेअर घातल्यावर. फाईली रोज.

विंडोज 10 वर अजून असाल तर लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 11 वर जाण्याआधी पूर्ण इमेज काढा. अपग्रेड नीट झालं नाही, तर परतायची वाट राहते.

डिस्क कुठं ठेवायची

आत्याची बाहेरची डिस्क कायम संगणकाला लावलेली असायची. खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर लावलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. काम झालं की काढायची. आणि काढून कुठं? टेबलाच्या खालच्या खणात तर नक्कीच नको. 2024 च्या ऑगस्टच्या शेवटी बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीनं 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. किती घरांत तळमजल्याचं कपाट, संगणक आणि त्याच कपाटातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात गेली असेल. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा जो नियम सांगतात, त्यातला ‘घराबाहेर’ हा शब्द आपल्या गावात जिव्हाळ्यानं पाळण्यासारखा आहे. आता एक डिस्क आत्याकडं माळ्यावर असते, दुसरी माझ्या घरी चौथ्या मजल्यावर. दर तीन महिन्यांनी मी जेवायला जातो तेव्हा अदलाबदल होते.

बचावाची पेन ड्राइव्ह तिच्या कपाटात देवाच्या पुस्तकांजवळ आहे. विंडोजमध्ये लावली तर ती कधीकधी रिकामी वाटते आणि ‘फॉरमॅट करू का’ असं विचारते, म्हणून आत्यानं तिच्यावर दोन ओळींची चिठ्ठी चिकटवली आहे, एक देवनागरीत आणि एक मोडीत: ‘रिकामी नाही. पुसू नये.’